कॅमेऱ्यातली अक्षता

कलामंडळाचे सभासद व्हा म्हणून कुणी अर्ज घेऊन दारात आलं की मी एकच विचारतो, कपाटाची किल्ली कुणाकडं असती? समोरचा गोंधळतो. मंडळाची उद्दिष्टं काय, कार्यकारिणीत कोण, वर्षाला कार्यक्रम किती, हे त्यानं पाठ केलेलं असतं. किल्लीचं कुणी पाठ करत नाही. मंग मी त्याला चहा पाजतो आणि अर्ज कोराच परत देतो. आता वय झालं, चिडका म्हातारा म्हणून लोक सोडून देतात. पण चिडका म्हातारा व्हायच्या आधी मी चिडका तरुण होतो, आणि त्याला बराबर कारण होतं.

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जालन्यात मी एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे, चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पेन्सिलीनं बुजवायचे, नवरदेवाला दोन बोटं उजळ करायचं, हे माझं काम. गावात नवं वारं होतं. वाचनालय, तालीम, सोसायटी, जो उठंल तो काहीतरी स्थापन करून राह्यलाता. त्यातच एक कलामंडळ निघालं. अध्यक्ष म्हणजे एका जिनिंगचे मालक, आणि चिटणीस शाळेतले एक मास्तर. उद्घाटनाला अध्यक्षांनी मुंबईहून आणलेला सिनेमाचा कॅमेरा मंडळाला भेट दिला. चावी पिळून चालणारा, दोन्ही हातांत मावेल एवढा. चिटणीस उभे राहून म्हणाले, "हा कॅमेरा मंडळाच्या प्रत्येक कलावंत सभासदाचा आहे. आता जालन्याचा माणूस स्वतःचं चित्र स्वतः काढील." मी टाळ्या वाजवून हात लाल केले आणि तिथंच सभासद झालो.

त्या दिवसानंतर कॅमेरा लोखंडी कपाटात गेला. कपाटाची किल्ली चिटणीसांकडं, आणि चिटणीस राहायचे बदनापूरला. रोज सकाळच्या गाडीनं यायचे, शाळा सुटली की गाडीनं परत. म्हणजे जालन्याच्या कलावंतांची किल्ली रोज संध्याकाळी बदनापूरला मुक्कामाला जायची. रविवारी आम्हाला सुट्टी असायची, तेव्हा ती पण तिकडंच सुट्टी घ्यायची. मी विचारलं, "मास्तर, एखाद्या रविवारी किल्ली इथं ठेवता का?" ते म्हणाले, "जबाबदारीचा प्रश्न आहे." हे वाक्य त्यांनी मला पुढं इतक्या वेळा ऐकवलं की मी घरी बायकोला पण तेच म्हणायला लागलो. भाजी आण म्हटली की जबाबदारीचा प्रश्न आहे.

कॅमेरा वर्षातून दोनदा बाहेर निघायचा. एकदा स्नेहसंमेलनात, अध्यक्षांच्या गळ्यात हार पडताना. आणि एकदा खंडेनवमीला, पूजेसाठी. सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, तसं मंडळानं कॅमेरा पुजायचा. पाटावर लाल कापड, त्यावर कॅमेरा, मंडळाचा तबला, ड्रॉइंगचे ब्रश, झेंडूच्या माळा. कॅमेऱ्याच्या भिंगाला कुंकवाचं बोट लागायचं. पूजा झाली की मी मऊ कापडानं ते पुसून द्यायचो. कॅमेऱ्याची माहिती असणारा सगळ्या मंडळात मी एकटा, पण तो हातात यायचा तो एवढाच, कुंकू पुसायला.

मला त्या कॅमेऱ्यानं काय करायचं होतं, ते सांगतो. माझे मामा शहागडला गोदावरीवर नाव चालवायचे. माझी आई नावाड्याचीच लेक. मामांचा मी एक फोटो काढला होता, नावेत वल्हं धरून उभे. मोठा करून, चौकटीत घालून नेऊन दिला. मामांनी तो उजेडाकडं धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"चांगलाय," ते म्हणाले. "पण हे तर थांबलंय सगळं. पाणी थांबलं, नाव थांबली. मी कुठं नाव चालवून राह्यलोय?"

"मामा, फोटो आहे तो. फोटोत काही हलत नसतं."

"ते मला बी कळतं रे. पण बघ, चाळीस वर्षं झाली, मी कायम नावंत. दुसऱ्याची नाव चालताना पाह्यली काठावरून. माझी मला कवाच दिसली न्हाई. लोक म्हणतात तुमची नाव लई सरळ जाती. खरं हाय का खोटं, मला काय म्हाईत?"

हे त्यांनी हसत हसतच म्हटलं होतं. पण माझ्या डोक्यात ते बसलं. तेव्हा मामांचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलाच होता आणि दुसऱ्यावर सारा, म्हणजे पांढरा पडदा, येत होता. जालन्याच्या डॉक्टरनं पाहून सांगितलं, पिकल्याशिवाय काढता येणार नाही. आणि मामांनी सांगितलं, पिको का कुजो, डोळ्याला सुरी लावू देणार न्हाई. त्यांना किती समजावलं, तर गाढवापुढं वाचली गीता. वर आणखी पुलाचं बोलणं चाललेलं. पूल झाला की नावेला कोण बसतंय? तेव्हा मला घाई होती, आणि ती घाई मंडळाच्या कुठल्याच नियमात बसत नव्हती.

पहिला अर्ज केला. उत्तर आलं, विषयाची रूपरेषा जोडावी. जोडली. मंग म्हणे, विषयाला सांस्कृतिक मूल्य काय ते स्पष्ट करावं. मी लिहिलं, एक माणूस नदी ओलांडतो आणि लोकांना पलीकडं पोचवतो. यावर बैठक बसली. एक सभासद म्हणाले की नावाडी दाखवण्यापेक्षा नावेवरचं गाणं दाखवावं. दुसरे म्हणाले, नावाडी वेशभूषा करून मंडळाच्या आवारात आणता येईल. माझ्या बायकोनं राजूरच्या गणपतीला नारळ कबूल केला, ती तेवढी शहाणी. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. वर्ष सरलं.

अशा दोन खेपा झाल्यावर मी भडकलो. भर बैठकीत विचारलं, "मंडळ आमच्यासाठी आहे का आम्ही मंडळासाठी? तबला वाजतो तेव्हा तबलजी वाजवतो. मंग कॅमेरा कामून कपाटात झोपून राह्यलाय?" अध्यक्षांनी पान लावलं. मंग मास्तर गोड आवाजात म्हणाले, "तुमची तळमळ आम्हाला समजते. या वर्षी खंडेनवमीच्या पूजेचा मान तुम्हाला."

आणि इथं मला माझीच लाज वाटते. मी खूष झालो. मान म्हटल्यावर माणूस कसा मऊ होतो, बघा. तोंडाला पानं पुसली जात होती आणि मी तोंड पुढं करून बसलो होतो. धुतलेलं धोतर नेसून गेलो, पाटासमोर बसलो. बायको कौतुकानं मागं उभी. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "कॅमेऱ्याचं दार उघडा ना. सगळ्यांना आतलं दर्शन घडू द्या. आत पण अक्षता वाहा, खरी देवता आतच आहे."

त्या कॅमेऱ्याला बाजूनं एक दार असतं. ते उघडलं की आत दातेरी चाकं दिसतात आणि एक बारकी चौकोनी खिडकी. फिल्म त्या खिडकीमागून सरकती आणि तिथंच चित्र उमटतं. आत बोट सुद्धा लावायचं नसतं, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. पण मागं बायको, समोर अध्यक्ष, हातात कुंकवानं ओले केलेले तांदूळ. मी दार उघडलं आणि चिमूटभर अक्षता आत वाहिल्या. लोकांनी हात जोडले. पूजा झाल्यावर मी कॅमेरा उलटा करून झटकला, तांदूळ खाली पडले. उद्या येऊन नीट साफ करतो, असं मास्तरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. किल्ली बदनापूरला. त्यानंतर कपाट उघडलंच नाही.

मार्गशीर्षात एकदम निरोप आला. पुलाची जागा पाहायला कुणी बडे पाहुणे शहागडला येणार, आणि आमचे अध्यक्ष मंडळातर्फे त्यांना हार घालणार. त्याची फिल्म काढायची. आणि कॅमेरा चालवता येणारा मी एकटा. घोडं शेवटी माझ्याच दारात येऊन उभं राहिलं. मी मास्तरांना म्हटलं, "आदल्या दिवशी कॅमेरा द्या, साफ करून ठेवतो." ते म्हणाले, "रात्रभर बाहेर ठेवणं म्हणजे जबाबदारीचा प्रश्न आहे." सकाळी मोटारीत बसल्यावर कॅमेरा माझ्या मांडीवर आला. फिल्मचं एकच रीळ, जेमतेम चार मिनिटांचं.

शहागडला उतरलो तर पाहुणे आलेले. मी लिंबाच्या सावलीत घोंगडं डोक्यावर घेऊन रीळ भरायला लागलो आणि मास्तर वरून, "जल्दी करा, हार सुकून राहिलाय." त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा आमच्याकडचा शब्द ऐकला, एवढी घाई. मी भिंग पुसलं. खिडकी पाहिली नाही. घोंगड्याच्या अंधारात दिसली पण नसती, पण मी पाहिली नाही हे खरं.

हार पडला, मी चावी सोडली. अध्यक्ष हसले, पाहुणे हसले. पंधरा-वीस सेकंद काढले आणि बंद केलं. मास्तर म्हणाले, "भाषण घ्या." मी म्हटलं, "आवाज येत नसतो यात. नुसतं तोंड हलताना दिसंल." आणि कॅमेरा घेऊन तडक नदीकडं उतरलो. मागून हाका आल्या. मी वळलो नाही. तीन वर्षं अर्ज करून जे मिळालं नव्हतं ते उताराच्या दोनशे पावलांवर होतं.

मामा त्या काठाहून येत होते. नावेत आठ-दहा माणसं, एक सायकल, एक कालवड. मी ओरडून सांगितलं, फिल्म काढून राह्यलोय. मामा म्हणाले, "मंग काय करू?" मी म्हटलं, "काहीच करू नका, रोजचं करा." त्यांनी तेवढ्यात फेटा नीट केलाच. मी चावी पिळली, काढलं. परत पिळली, परत काढलं. नाव आली, माणसं उतरली, कालवड उतरंना म्हणून तिला ढकललं, नवी माणसं बसली, नाव गेली. ती पलीकडं टेकली आणि माझ्या हातातलं रीळ संपलं. अध्यक्षांसाठी आणलेली फिल्म नदीत खर्च झाली होती. मला जरा पण वाईट वाटलं नाही, आज पण वाटत नाही.

रीळ धुवायला मुंबईला गेलं. पार्सल स्टुडिओच्या पत्त्यावर महिन्याभरानं आलं. मी ते खिडकीशी धरून भिंगातून पाहिलं. प्रत्येक चित्रात वरच्या बाजूला एक काळा ठिपका. हाराच्या चित्रात तो बराबर अध्यक्षांच्या टोपीवर, तुऱ्यासारखा. नदीच्या चित्रांत आभाळात, मामांच्या डोक्यावर. मास्तरांच्या मागं लागून कॅमेरा मागवला, दार उघडलं. खिडकीच्या खालच्या काठाला कुंकवानं चिकटलेली तांदळाची एक कणी. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून खालची कणी वर दिसून राह्यलीती. मी ती चिमट्यानं काढली आणि कागदात बांधून ठेवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. टाकणारा हात माझा होता. बायको म्हणाली, "पूजा मनापासून केली होती ना?" मी म्हटलं, "तेच तर."

मंडळानं फिल्म भिंतीवर लावून पाहिली. अध्यक्ष वीस सेकंदांत संपले, ते पण तुऱ्यासकट. मंग नदी, नदी, कालवड. मास्तरांनी निर्णय सांगितला. ही फिल्म अक्षय्य तृतीयेला मंडळाच्या वर्धापनदिनी दाखवायची, त्याच्या आधी कुठंच नाही. आणि हार ठेवून नावेचा भाग कापून टाकायचा, कारण तो मंडळाच्या उद्दिष्टात बसत नाही.

"टाकायचा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे काढून टाकायचा. फिल्म मंडळाची आहे."

"आणि नावेतला माणूस?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"त्याला आता एकाच डोळ्यानं दिसतं, ते पण धुरकट. अक्षय्य तृतीयेपर्यंत तेवढं राहील का नाही, सांगता येत नाही. एकदा त्याला दाखवू द्या, मंग काय कापायचं ते कापा."

"एका सभासदाच्या नातेवाइकासाठी नियम मोडला तर उद्या सगळे येतील," मास्तर म्हणाले.

कोण सगळे? तीन वर्षांत कॅमेरा मागायला माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. पण मी वाद घातला नाही. कापायचं काम माझ्याकडंच दिलं होतं, कारण ते पण दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी रीळ पिशवीत घातलं आणि नीट चालत बाहेर आलो.

फिल्म होती, दाखवायचं यंत्र नव्हतं. यंत्र होतं सरकारी प्रसिद्धीच्या गाडीत. ती गाडी गावोगाव फिरून विहिरीत औषध कसं टाकायचं, डास कसे मारायचे, असले सिनेमे दाखवायची. तिचा ऑपरेटर जालन्यातलाच, घरी उर्दू बोलणारा, आमच्या स्टुडिओत फोटो काढायला यायचा. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं रूपरेषा विचारली नाही, सांस्कृतिक मूल्य विचारलं नाही. म्हणाला, "मामूजान को देखना है ना? तो बस. अगले हफ्ते शहागड जा रहे. शाम को डास मारेंगे, दोपहर को तुम्हारी नाव चलाएंगे." त्याला मी आणखी काय द्यायचं विचारलं, तर म्हणाला एक चांगला फोटो काढून दे, अम्मीला द्यायला.

शहागडला एका आडत्यानं ज्वारीचं गोदाम उघडून दिलं. दाराला ताडपत्री लावली, पोत्यांच्या थप्पीवर धोतर ताणलं. बाहेर गाडीचं इंजिन धडधडायला लागलं. मामा सगळ्यांच्या पुढं, पडद्यापासून दोन हातांवर बसले. लांबून त्यांना दिसत नव्हतं. मागं गावातली वीस-पंचवीस माणसं.

आधी हार आला. टोपीवरचा तुरा पाहून लोक पोट धरून हसले. मंग नदी आली. पलीकडून नाव निघाली. मामा पुढं सरकले, एका हातानं गेलेला डोळा झाकला. नाव आली, कालवड अडली, तिला ढकललं. कुणीतरी म्हणालं, "हे तर आपलंच वासरू." नाव परत गेली आणि धोतर पांढरं झालं.

"पुन्हा लाव," मामा म्हणाले.

ऑपरेटरनं परत लावली. दुसऱ्या खेपेला मामांनी बोट वर केलं. "ती वर घार हाय का? हलंना ती."

मी म्हटलं, "अक्षता आहे मामा. पूजेची. माझ्याच हातून अडकली."

"अस्सं. मंग राहू दे, चांगलीच हाय," ते म्हणाले आणि परत बघायला लागले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी हात लांब करून धोतरावरच्या स्वतःच्या चित्राला बोट लावलं. हळूच म्हणाले, "मी उजवीकडं झुकून उभा राह्यतो. चाळीस वर्षं झाली, कुणी सांगितलं न्हाई." मंग म्हणाले, "पण नाव सरळ जाती. लोक खरं बोलत होते." आणि ते रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून रडलो. ऑपरेटर यंत्राशी उगंच काहीतरी पुसत राहिला.

चार दिवसांत मंडळाचं पत्र आलं. शिस्तभंग, मालमत्तेचा गैरवापर, सभासदत्व रद्द, रीळ ताबडतोब परत करावं. मी कात्री घेतली, हाराचा तुकडा कापला आणि डबीत घातला. तो त्यांचाच होता. नदीचा तुकडा ठेवून घेतला. डबीसोबत कणीची ती पुडी पाकिटात घातली आणि चिठ्ठीत लिहिलं, "माझ्या फिल्ममध्ये मंडळानं घातलेली वस्तू एवढीच. ती परत करतो. हात माझा होता, दार उघडायला तुम्ही सांगितलं होतं." ते पाकीट मी स्वतः नेऊन मास्तरांच्या हातात दिलं.

अक्षय्य तृतीयेला मंडळानं हार दाखवला म्हणे. दुसऱ्या दिवशी मास्तर स्टेशनच्या रस्त्यावर भेटले. किल्लीचा जुडगा हातातच होता. समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तुमच्यासारखा कलावंत मंडळानं गमावला, याचं वाईट वाटतं. कालपर्यंत थांबला असता, तर मी अध्यक्षांना सांगून नाव सुद्धा दाखवली असती. काय घाई होती एवढी?"

मी सायकलवरून उतरलो. म्हटलं, "मास्तर, मामाचा दुसरा डोळा होळीला गेला."